तळहात वळेपर्यंत

बरखेडा, भोपाळ
१२ जानेवारी १९९५

चि. अनुराधा हिस अनेक आशीर्वाद.

अक्षर माझं पाहून दचकू नकोस. सगळं ठीक आहे. पत्र हिचं आहे, मी नुसता लेखनिक. हिचा उजवा हात मनगटात मोडला होता. प्लास्टर निघालं, पण पेन धरता येत नाही. तेव्हा यापुढे ही सांगेल तसं लिहीत जातो.

अनू, कशी आहेस? नागपुरात थंडी पडली का? इथे यंदा फारच आहे. क्वार्टरच्या मागच्या अंगणात ऊन येईपर्यंत बाहेर पाऊल टाकवत नाही. तिथेच पडले मी. नळाच्या ओट्यावरून बादली घेऊन उतरत होते, पाय सरकला आणि हात पुढे टेकला. आवाज मलाच ऐकू आला. हे नुकतेच कारखान्यात गेले होते. शेजारच्या इंदुमतीबाईंनी रिक्षा करून हॉस्पिटलात नेलं.

प्लास्टर निघालं की हात जसाच्या तसा परत मिळतो, अशी माझी समजूत. ते निघालं आणि मी बघतच राहिले. कातडी कोरडी, बोटं सुजलेली, मनगट लाकडासारखं. मूठ म्हणून मिटायला गेले तर बोटं अर्ध्या वाटेत थांबली. प्लास्टरमध्ये असताना बोटं हलवत राहा असं डॉक्टरांनी बजावलं होतं, पण भीतीने मी हात नुसता गळ्यात बांधून बसले. आता डॉक्टर म्हणतात, हाड छान जुळलंय, आणि पाठवलं फिजिओथेरपीला. तिथे उषा दुबे म्हणून मुलगी आहे. तुझ्याच वयाची असेल. ती हसली आणि म्हणाली, "आंटी, हड्डी का काम हो गया, अब हमारा शुरू।"

मला वाटलं होतं जाऊन शेक घ्यायचा आणि घरी यायचं. पहिल्या दिवशी तिने शेकाचं नावच काढलं नाही. कुठे दुखतं, कधी दुखतं, झोप लागते का, घरात कोण कोण आहे, सगळं विचारलं. मनगट किती वाकतं ते एका दुहेरी पट्टीने मापलं. खांदासुद्धा वर करून बघायला लावला. गळ्यात बांधून बांधून तोही आखडलाय, ते मला तिथेच कळलं. मग तिने विचारलं, "हाथ ठीक हो जाए तो सबसे पहले क्या करना चाहोगी?" मी म्हटलं, कणीक मळीन.

आता एक दिवसाआड जाते. मेण वितळवून ठेवलेलं असतं, त्यात हात बुडवून काढायचा, पुन्हा बुडवायचा. हातावर पांढरा मोजा चढतो. तो उतरवला की हात जरा मऊ पडतो आणि मग ती कामाला लागते. मनगट खाली, वर, आडवं. सगळ्यात वाईट तळहात वर वळवणं. हात पालथा राहतो, उताणा होतच नाही. संक्रांतीची तयारी चालली आहे. तिळगूळ घेताना डावा हात पुढे करावा लागणार.

तुला विचारायचं ते असं. इतकं दुखणं बरोबर आहे का? संध्याकाळी सूज येते ती चालेल का? इंदुमतीबाई म्हणतात, अशोका गार्डनमध्ये एक मालिश करणारी आहे, तिच्याकडे जाऊ का? आणि किती दिवस लागतील? कारण वैशाखापर्यंत हात चालायला हवा.

(इथे एक वाक्य लिहून मी खोडलं आहे. ते वाचायची खटपट करू नये. – वि.)

तुझी तब्येत सांभाळ. हॉस्टेलचं जेवण तुला सोसत नाही, हे मला ठाऊक आहे.

– आई

ता. क. हे माझं. पहिल्या दिवशी तिथे ही फार रडली. वेदना सहन झाल्या नाहीत असं दिसतं. एरवी ही दुखण्याखुपण्याला रडणारी नव्हे, म्हणून काळजी वाटली आणि तुला लिहावं असं ठरलं. तू या विषयातली आहेस. वर्षभरात आपलं येणंजाणं राहिलेलं नाही, याची मला जाणीव आहे. उत्तर देणं जड वाटलं तर देऊ नकोस. आम्ही गैर मानणार नाही.

– विनायक पेंढारकर


बरखेडा
२२ फेब्रुवारी १९९५

चि. अनू,

हे अक्षर माझं आहे. पहिलीतल्या मुलासारखं झालंय, हसू नकोस. पेनाला उषाने चिंधी गुंडाळून जाड केलंय. तेवढं धरता येतं.

तुझं पत्र आलं. चार पानं! आणि चित्रं! टेबलाच्या कडेवर हात ठेवून पंजा खाली सोडायचा ते, अंगठा एकेका बोटाला लावायचा ते, आणि हातात पळी धरून ती घड्याळाच्या लंबकासारखी या बाजूला, त्या बाजूला झुकवायची ते. हे चित्र मी भिंतीला चिकटवलं. उषाने विचारलं, किसने बनाया. मी सांगितलं, नागपूरला आमची एक डॉक्टर आहे. ती म्हणाली, बहुत सही बताया है.

तू लिहिलंस ते दुखण्याचं फार उपयोगी पडलं. ताणताना दुखलं आणि थोड्या वेळात निवलं तर ते कामाचं दुखणं. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ठणकत राहिलं, सूज वाढली, तर जास्त झालं, थांबायचं आणि सांगायचं. हे कोणी आधी सांगितलं असतं तर मी प्रत्येक कळेला घाबरले नसते. मालिशवालीकडे गेले नाही.

मध्ये एकदा शहाणपणा केलाच. रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला बायका आल्या, मोठी किटली उजव्या हाताने उचलली. रात्रभर ठणका. उषा रागावली. म्हणाली, "आंटी, ये सीढ़ी नहीं है कि रोज़ एक ऊपर।" काही दिवस पुढे, काही दिवस मागे, असंच चालतं म्हणे. थंडीत सकाळी तर हात कालचं सगळं विसरलेला असतो.

पण मूठ मिटते आता. कणीक मळली. पोळ्या जाड झाल्या. ह्यांनी काही न बोलता चार खाल्ल्या.

तुझ्या चार पानांत तू कुठेच नाहीस. 'सौ. आईंना सा. न.' आणि एकदम व्यायाम. जेवतेस कुठे? खोलीत एकटीच आहेस की जोडीला कोणी आहे? रविवारी काय करतेस?

वैशाखाचीच घाई का, असं विचारलंस. सांगेन. आता हात दमला.

– आई


बरखेडा
१८ एप्रिल १९९५

चि. अनूस आशीर्वाद.

मार्चमधलं तुझं पत्र, मग ते छोटं कार्ड, दोन्ही मिळाली. मी उत्तर लांबवलं. हात आता पान-दोन पान सहज लिहितो, म्हणजे हाताचा दोष नाही.

आधी इकडचं सांगते. ह्यांची निवृत्ती पुढच्या मार्चला. क्वार्टर सोडावी लागणार म्हणून बाग सेवनियाला घर बांधायला काढलंय. रविवारी आम्ही दोघं जाऊन भिंतींवर पाणी मारतो. उषाने तेही व्यायामात धरलंय, पण बादली अर्धीच भरायची. परवा गवंड्याने वरच्या खोलीकडे बोट दाखवून विचारलं, "माताजी, ये कमरा किसका? खिड़की किधर रखूँ?" माझ्या तोंडून निघालं, पूर्वेला ठेव, तिला सकाळचं ऊन लागतं. गवंडी म्हणाला, किसको? हे विटांकडे बघत उभे राहिले. मी म्हटलं, कुठेही ठेव बाबा.

आता हात. तुला मी मध्ये दोनदा कार्ड टाकून लिहिलं, तळहात वळत नाही, अर्ध्यावर अडलाय. तू बिचारी नवे नवे उपाय सुचवत राहिलीस. शेकाची वेळ बदला, कोपर अंगाशी घट्ट ठेवा, पळीऐवजी हातोडी घ्या. उषानेही परत परत मापलं. शेवटी तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "आंटी, घर पे कर रही हो ना?"

मी हो म्हटलं. करत नव्हते. हातोडी कोपऱ्यात उभी होती.

त्या दिवशी संध्याकाळी मी अंगणात गवार निवडत बसले होते. हे शेजारी पेपर वाचत होते. पेपर बाजूला न करता म्हणाले, "हात बरा झाला तर अनूला काय लिहायचं, याची काळजी लागली आहे ना तुला?"

मी गवार निवडत राहिले. ते म्हणाले, "हातोडी आणून देऊ?"

मी म्हटलं, आणा. कोपर अंगाशी धरून तिथेच व्यायाम केला. डोळ्यांना पाणी आलं ते मात्र खरंच दुखून.

पहिल्या दिवशी रडले ते दुखून नव्हतं. ह्यांनी तुला तसं लिहिलं, कारण त्यांना तसंच वाटलं, आणि मी सांगत होते ते त्यांच्याच हाताने कागदावर उतरणार होतं, म्हणून मीही दुरुस्त केलं नाही. झालं असं की उषाने काही करायच्या आधी माझा हात आपल्या दोन्ही हातांत नुसता धरला. खाली तिचा एक तळवा, वर दुसरा. म्हणाली, घाबरू नका, आधी हात गरम होऊ दे. तू क्लिनिकमधून यायचीस, पर्स टाकायचीस आणि चहा ठेवायच्या आधी माझ्या मानेवर हात ठेवून विचारायचीस, आज किती शिवलंत? शिवण्याने माझी मान धरायची, आणि ती कुठे धरलीय ते मी सांगायच्या आधी तुझ्या बोटांना कळायचं. तू गेल्यापासून त्या मानेला कोणी हात लावलेला नाही. यांचं प्रेम आहे ग, पण ते पोळ्या खाऊन दाखवतात. उषाने हात धरला आणि मला ते सगळं एकदम आठवलं. ती घाबरली, म्हणाली, अभी तो मैंने कुछ किया ही नहीं.

तिने विचारलं होतं ना, सगळ्यात आधी काय करायचंय? कणीक म्हटलं, कारण हे शेजारी उभे होते. मनात होतं, एक पत्र लिहायचंय.

ते पत्र हे. आता लिहिते.

अरविंदचं लग्न ठरलं आहे. वैशाखात, बडोद्याला. मुलगी तिथल्याच शाळेत शिकवते, वसुधा नाव. जानेवारीत ठरलं. पहिल्या पत्रातलं खोडलेलं वाक्य हेच होतं. मी सांगितलं, ह्यांनी लिहिलं, मग पेन थांबवून म्हणाले, "नाही. ही गोष्ट तिला दुसऱ्याच्या अक्षरात कळू नये. तुझा हात बरा झाला की तू लिही." मला राग आला होता तेव्हा. आता वाटतं, बरोबर होतं. फक्त मी फार वेळ लावला.

सगळे मला लवकर बरी हो म्हणत होते, ते या कार्यासाठी. सुनेची ओटी भरायची, सूनमुख बघायचं, आहेर द्यायचे. उजव्या हाताशिवाय कसं व्हायचं? आणि तो हात बरा करायला मी तुलाच विचारत होते, तेही कशासाठी ते न सांगता. तू मन लावून चित्रं काढत होतीस. ती भिंतीवर बघितली की मला पोळी गिळवत नसे.

तुम्हा दोघांचं का पटलं नाही, ते मी तेव्हा विचारलं नाही, आजही विचारणार नाही. दोघंही शहाणी आहात. तुम्ही दोघांनी विचार करून सह्या केल्या. मला कोणी सही मागितली नव्हती, आणि मागायची रीतही नाही. पण त्यामुळे झालं असं, की तुझ्यापासून वेगळं व्हायचं मी अजून ठरवलेलंच नाही.

रागाव, चालेल. उत्तर आलं नाही तरी समजेन.

– आई


बरखेडा
३० मे १९९५

चि. अनू,

ऊन मी म्हणतंय. दुपारी कूलरसमोर बसून लिहिते आहे, अक्षर हललं तर वाऱ्याने.

तुझं कार्ड लग्नाला निघायच्या आदल्या दिवशी मिळालं. 'कळलं. दोघांना शुभेच्छा. शेवटचा व्यायाम सोडू नका.' एवढंच. मी ते तीनतीनदा वाचलं. ह्यांना दाखवलं. ते म्हणाले, "शेवटचा म्हणजे कुठला?" मी म्हटलं, हातोडीचा. तो मी गाडीतही केला, लाटणं घेऊन. डब्यातली एक बाई विचारत होती, मारामारीला निघालात का?

लग्न नीट झालं. तुला ऐकायचं नसेल तर हा भाग सोड. पण मी तुझ्यापासून आता काही मागे ठेवणार नाही.

वसुधा चांगली आहे. तिच्यात खोट काढायला मी गेले नव्हते असं नाही, पण सापडली नाही. ओटी भरायच्या वेळी तांदळाचं ताट समोर आलं. मी ओंजळ भरली. दोन्ही तळहात वर वळले, उजवाही, आणि तांदूळ सांडले नाहीत. मनगट जरासं वाकडं दिसतं, तसं ते राहणार असं उषा म्हणाली होती. तांदूळ पदरात घालताना मला एवढंच सुचत होतं की हे अनूने करून दिलंय.

वसुधाचं लक्ष मनगटाकडे गेलं असावं. दुसऱ्या दिवशी सगळे चहाला बसलेले असताना तिने विचारलं, "आई, हाताला काय झालं होतं? दुखतो का अजून?"

मी सांगितलं. मोडला होता, आखडला होता, चार महिने व्यायाम केला.

"मग डॉक्टर चांगले मिळाले म्हणायचे."

मी म्हटलं, "उषा म्हणून आहे तिकडे, तिने केलं. आणि पत्रातून अनुराधाने."

कप वाजायचे थांबले. तिच्या आईने माझ्याकडे बघितलं, ह्यांनी खिडकीकडे. अरविंद बशीत चहा ओतत होता, तो ओततच राहिला, बशी भरून सांडेपर्यंत. मग म्हणाला, "ती आहेच चांगली तिच्या कामात." वसुधाने फडका आणून टेबल पुसलं. पुसता पुसता म्हणाली, "बरं झालं आई, तुम्ही त्यांना विचारलंत."

एवढंच. मग कोणीतरी आंब्यांचा विषय काढला.

मला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. पण भोपाळला परतून घराचं कुलूप काढलं, आत गेले, आणि भिंतीवर तुझी चित्रं. तिथे मात्र बसकण मारली. हे सामान आत आणत होते. त्यांनी पिशव्या ठेवल्या आणि शेजारी जमिनीवर बसले. त्यांचेही गुडघे आता सहज वाकत नाहीत. उठताना दोघांना एकमेकांचा आधार घ्यावा लागला.

काल उषाकडे गेले होते. तिने पट्टी लावून मापलं, तळहात उलटासुलटा केला, माझ्या हातात हात देऊन म्हणाली दाबा जोरात. मी दाबला. "बस आंटी, अब मेरे पास मत आना। घर का काम ही कसरत है।" महिन्या-दोन महिन्यांत जड उचलतानाही भीती वाटणार नाही म्हणते. पावसाळ्यात थोडं दुखेल, त्याला घाबरायचं नाही. मी तिच्यासाठी बेसनाचे लाडू नेले होते, याच हाताने वळलेले. तिने तिथेच एक खाल्ला. दुसरी बाई हात गळ्यात बांधून बाकावर बसली होती, भेदरलेली. मी जाता जाता तिला सांगितलं, पहले दिन रोना आए तो रो लेना.

बाहेर आले तर रिकामं वाटलं. इतके दिवस एक दिवसाआड जायला जागा होती, आणि घरी आल्यावर तुला कळवायला काहीतरी होतं. आता हात बरा आहे, अनू. त्याच्याबद्दल विचारण्यासारखं माझ्याजवळ काही उरलं नाही. आज मुद्दाम खोटं दुखणं काढून लिहावं, असंही मनात आलं. म्हटलं, नको. दुखत नाही आणि लिहिते आहे, असंच जाऊ दे.

तू या घरची कोण, मी तुझी कोण, याला आपल्याकडे शब्द नाही. मी पुष्कळ शोधला. तुझ्या वयाच्या मुलीला पुढचं आयुष्य आहे, नवी माणसं येतील, आणि यावीत. तेव्हा जुन्या सासूची पत्रं तुला अडचणीची होतील. तसं वाटेल त्या दिवशी मोकळेपणाने सांग, मी थांबेन. मला वाईट वाटेल, पण तुझा राग येणार नाही.

तोवर लिहीत राहीन. घराच्या स्लॅबचं, यांच्या गुडघ्यांचं, बाजारात आंबे कसे आलेत त्याचं. यात तुझ्या विद्येचं काही काम नाही. तूही लिहायचं मनात आलं तर रविवारचं लिही. खिडकीतून काय दिसतं ते लिही. आज कोणाशी भांडलीस ते लिही. आणि अनू, उत्तर पाठवलंस तर त्यात हाताची चौकशी करू नकोस. माझी कर.

तुझी,
मंगला